लॉक नसलेला चाकू

१४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरमध्ये अब्राहम लिंकनला गोळी लागली. त्या वेळी त्याच्या खिशांत काय काय होतं, याची यादी आज उपलब्ध आहे. दोन चष्मे, चष्म्याची काच पुसायचं एक छोटं साधन, रुमाल, चामड्याचं पाकीट, पाकिटात शत्रुपक्षाची म्हणजे कॉन्फेडरेट सरकारची पाच डॉलरची नोट, वर्तमानपत्रातली नऊ कात्रणं. आणि एक हस्तिदंती मुठीचा, घडीचा चाकू. या वस्तू बरीच वर्षं त्याच्या कुटुंबाकडे होत्या. १९३७ साली नातीने त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिल्या आणि १९७६ मध्ये त्या पहिल्यांदा लोकांपुढे आल्या.

त्या यादीत लोकांना नवल वाटतं ते कॉन्फेडरेट नोटेचं. चाकूबद्दल कोणी काही बोलत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या माणसाच्या खिशात चाकू असणं हे आपल्या खिशात मोबाईल असण्याइतकं साधं होतं. देशाचा अध्यक्ष, बायकोला घेऊन नाटकाला गेलाय आणि खिशात चाकू आहे. आज एखादा मंत्री बालगंधर्वला प्रयोगाला आला आणि त्याच्या खिशात चाकू निघाला तर दुसऱ्या दिवशीचे मथळे काय असतील, याची कल्पना करून बघा.

हे आठवायचं कारण असं की जगात आजही रोज खिशात चाकू बाळगणारी हौशी मंडळी आहेत, आणि थोडीथोडकी नाहीत. 'एव्हरीडे कॅरी' म्हणजे 'ईडीसी' हा त्यांचा लाडका शब्द. रोज घराबाहेर पडताना खिशात काय काय असतं, ते टेबलावर मांडून फोटो काढायचे, हा यांचा छंद. (लिंकनची यादी म्हणजे यांच्या दृष्टीने आद्य ईडीसी!) यात दोन तट आहेत. एक आधुनिक पंथ: टायटॅनियमची मूठ, एका हाताने उघडणारं पातं, उघडलं की घट्ट बसणारं लॉक आणि खिशाला अडकवायची क्लिप. दुसरा पारंपरिक पंथ: लाकडाची, हाडाची नाहीतर शिंगाची मूठ, नखाने उघडायचं पातं, दोन्ही हात लागणार, क्लिप नाही. आणि मुख्य म्हणजे लॉक नाही.

मला कुतूहल वाटलं ते या दुसऱ्या पंथाचं. इंजिनियर माणसाला पहिला प्रश्न हाच पडणार की बाबा, ज्यात सेफ्टी फीचर नाही तीच जुनी आवृत्ती लोक हौसेने का वापरतायत? नवी आवृत्ती बाजारात येऊन साठ वर्षं झाली. उत्तर शोधता शोधता मी शेफिल्डला पोचलो, तिथून मुंबईला आलो आणि शेवटी इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकात जाऊन अडकलो. म्हणून हा लेख.

आधी यंत्रणा समजून घेऊ. घडीचे चाकू ढोबळमानाने तीन प्रकारचे. पहिल्यात पातं आणि मूठ यांच्यामध्ये फक्त एक खिळा असतो. खिळा जितका आवळलेला, तितकं घर्षण. पातं जागेवर राहतं ते घर्षणाने आणि तुमच्या पकडीने. हा सगळ्यात जुना प्रकार. ऑस्ट्रियातल्या हॉलश्टाट इथे सापडलेला, हाडाच्या मुठीचा असा एक चाकू इसवी सनापूर्वी सुमारे सहाव्या शतकातला मानतात. रोमन लोकांकडेही असे चाकू होते.

दुसरा प्रकार म्हणजे आपला आजचा नायक. इंग्रजीत त्याला 'स्लिपजॉइंट' म्हणतात. यात मुठीच्या पाठीला पोलादाची एक लांब पट्टी असते. हीच स्प्रिंग. पात्याचा मुठीत बसणारा जो बुडखा असतो तो गोल नसतो, त्याला सपाट बाजू असतात. पातं पूर्ण उघडलं की एक सपाट बाजू स्प्रिंगखाली येते आणि स्प्रिंग तिला दाबून धरते. बंद केलं की दुसरी सपाट बाजू. मधल्या प्रवासात स्प्रिंग उचलली जाते आणि शेवटी 'टक्' करून खाली बसते. या हालचालीला आणि या आवाजाला मिळून हौशी लोक 'वॉक अँड टॉक' म्हणतात. चाकू कसा 'चालतो' आणि कसा 'बोलतो', यावरून तो कोणाच्या हातचा आहे हे ओळखणारे लोक आहेत. आपल्याकडे तबल्याच्या शाईवर बोट मारून सांगणारे असतात, तसे.

लक्षात घ्यायची गोष्ट ही की स्प्रिंग पात्याला अडवत नाही, फक्त थोपवते. पुरेसा जोर उलट्या दिशेने लागला तर पातं मिटणारच, आणि मध्ये तुमचं बोट असेल तर बोटाचं काही खरं नाही. तिसरा प्रकार लॉकवाल्यांचा. त्यात एखादी खाच किंवा कडं पात्याला अडकवून ठेवतं आणि ते मुद्दाम सोडवल्याशिवाय पातं मिटत नाही. अमेरिकेतल्या बक कंपनीचा ११० नंबरचा चाकू १९६४ साली आला आणि लॉकवाला चाकू घरोघरी पोचला.

स्प्रिंगवाला चाकू सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला आणि तो नावारूपाला आणला इंग्लंडमधल्या शेफिल्डने. शेफिल्डची चाकूंसाठीची ख्याती त्याच्याही आधीची. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या कँटरबरीच्या गोष्टींमध्ये एका पिठाच्या गिरणीवाल्याचं वर्णन करताना त्याच्यापाशी शेफिल्डचा चाकू असल्याचं लिहून ठेवलंय. म्हणजे सहाशे वर्षांपूर्वीही लेखकाला नुसतं गावाचं नाव घातलं की पुरत होतं. आपल्याकडे 'पैठणी' म्हटल्यावर पुढे काही सांगावं लागत नाही, तसंच.

हेच गाव का, याचं उत्तर नकाशात आहे. डोंगरउताराच्या पायथ्याशी गाव. डॉन, शीफ, पोर्टर, रिव्हलिन आणि लॉक्सली अशा पाच नद्या उतारावरून धावत येतात, म्हणजे पाणचक्क्यांना फुकट ताकद. आसपासच्या टेकड्यांत खरबरीत वालुकाश्म, म्हणजे धार लावायच्या दगडांची खाण दारात. जंगलाचा कोळसा आणि नंतर दगडी कोळसा. १६२४ साली संसदेच्या कायद्याने तिथल्या कारागिरांची अधिकृत संघटना झाली, 'कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर'. कोणाचा शिक्का कोणता हे ती नोंदवायची. ट्रेडमार्क ऑफिस म्हणा ना. पुढे जगभर गाजलेल्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा तारा आणि माल्टीज क्रॉसचा शिक्का १६८२ साली नोंदला गेलेला आहे.

पोलादाची गोष्ट तर फारच मजेशीर. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीला घड्याळाच्या स्प्रिंगसाठी चांगलं पोलाद मिळेना. त्याने शेफिल्डजवळ मातीच्या मुशीत पोलाद वितळवून एकजिनसी करायची पद्धत बसवली. शेफिल्डच्या चाकूवाल्यांनी आधी ते 'फार कडक आहे, घडवायला त्रास होतो' म्हणून नाकारलं. हंट्समनने फ्रेंचांना विकलं. फ्रेंच चाकू बाजारात दिसायला लागल्यावर मग यांची झोप उडाली. नव्या तंत्रज्ञानाबद्दल स्थानिक टीमचं म्हणणं काय असतं आणि क्लायंट दुसरीकडे गेल्यावर ते कसं बदलतं, हे मी वेगळं सांगायला नको.

मात्र मुशीत पोलाद करणं ही हंट्समनची कल्पना जगात पहिली नव्हती. दक्षिण भारतात हे शतकानुशतकं चाललं होतं. त्या पोलादाला युरोपात 'वूट्झ' म्हणत. मूळ शब्द बहुधा कन्नड 'उक्कु'. आणि इथे मुंबई येते. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट याने या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्स याच्याकडे पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन याने त्यावर शोधनिबंध वाचला. लंडनचा जेम्स स्टोडार्ट हा चाकू आणि शस्त्रक्रियेची हत्यारं करणारा कारागीर त्या पोलादाच्या प्रेमातच पडला, आणि त्याने एका तरुण मदतनिसाला घेऊन पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. १८२० साली ते प्रसिद्ध झाले. तो मदतनीस म्हणजे मायकेल फॅरडे. विजेचा बाप होण्याआधी फॅरडे आपल्या दख्खनच्या पोलादाचं कोडं सोडवत बसला होता, हे मला शाळेत कोणी सांगितलं असतं तर फिजिक्सला चार मार्क जास्त पडले असते.

असो. आता या गोष्टीची काळी बाजू. पारंपरिक चाकूंचे चाहते शिंगाच्या मुठीबद्दल तासभर बोलतील, पण ही बाजू क्वचित सांगतात.

शेफिल्डचा चाकू एक माणूस बनवत नसे. एक जण पातं ठोकून घडवायचा, दुसरा दगडावर घासून त्याला आकार आणि धार द्यायचा, तिसरा स्प्रिंग, मूठ, खिळे जुळवून चाकू उभा करायचा. स्वतःचा एखादा कोपरा भाड्याने घेऊन, एखाद-दुसरा शिकाऊ पोरगा हाताशी धरून काम करणाऱ्या या स्वतंत्र कारागिरांना तिथल्या बोलीत 'लिटल मेस्टर' म्हणत. मेस्टर म्हणजे मास्टर. मोठमोठ्या नावांच्या कंपन्यांचं बरंचसं काम प्रत्यक्षात या छोट्या लोकांकडे जायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर फ्रीलान्सर. माल कंपनीच्या शिक्क्याने विकला जायचा आणि करणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

यातला सगळ्यात वाईट वाटा घासणाऱ्याचा. तो फिरत्या दगडाच्या मागे लाकडी खोगिरासारख्या बैठकीवर दोन्हीकडे पाय टाकून, पुढे वाकून बसायचा. दगड वालुकाश्माचा. घासताना त्याची आणि पोलादाची बारीक धूळ उडायची आणि ती सरळ नाकातोंडात. काही काम ओल्या दगडावर व्हायचं, काही कोरड्या. कोरडं काम जास्त जीवघेणं. शेफिल्डचा डॉक्टर नाइट याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे आकडे दिले आणि जे एंगेल्सने आपल्या १८४५ च्या पुस्तकात वापरले, ते असे: कोरड्या दगडावर काम करणारे सरासरी जेमतेम पस्तिशीपर्यंत जगत, ओल्या दगडावरचे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडत. पुढे १८४३ मध्ये कॅल्व्हर्ट हॉलंड या डॉक्टरने या फुप्फुसाच्या रोगावर पुस्तकच लिहिलं. तेव्हा त्याला 'ग्राइंडर्स अस्थमा' म्हणत. आज आपण सिलिकोसिस म्हणतो.

आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. पाणचक्कीच्या काळात घासणारे खेड्यापाड्यांत नदीकाठी विखुरलेले असत. नदीचं पाणी आटलं की काम बंद, मग शेतात जायचं. म्हणजे फुप्फुसांना अधूनमधून सुट्टी मिळायची. अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेची इंजिनं आली. आता नदीची गरज उरली नाही. शहरात एकाच कोंदट खोलीत अनेक दगड, बारा महिने काम. उत्पादन वाढलं आणि माणसं लवकर मरायला लागली. आपण ज्याला स्केल करणं म्हणतो, ते हेच.

धूळ ओढून घेणारे पंखे तेव्हा माहीत होते. मालक खर्च करायला नाखूश हे तर समजण्यासारखं आहे, पण काही ठिकाणी खुद्द कामगारांनीच विरोध केला. कारण? लोक जास्त जगायला लागले तर कामगार वाढतील आणि मजुरी पडेल! वाचताना पहिल्यांदा हसू येतं आणि मग येत नाही. ज्या धंद्यात लवकर मरणं हाच पगार टिकवायचा उपाय आहे, तिथल्या माणसाची मनःस्थिती काय असेल? वालुकाश्माचे दगड जाऊन कृत्रिम चाकं येईपर्यंत विसावं शतक उजाडलं.

त्याच काळात शहराच्या दुसऱ्या टोकाला जोसेफ रॉजर्सच्या नॉरफोक स्ट्रीटवरच्या शोरूममध्ये पाहुणे काय बघायला जायचे? १८२२ साली बनवलेला 'इयर नाइफ', ज्यात त्या सालाइतकी म्हणजे १८२२ पाती होती आणि पुढे वर्षांप्रमाणे वाढवत नेली. १८५१ च्या लंडनच्या जंगी प्रदर्शनासाठी केलेला 'नॉरफोक नाइफ', ज्यात पंचाहत्तर पाती आणि हत्यारं आहेत. तो आजही शेफिल्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. दोन्ही अर्थातच खिशात मावणारे नाहीत. करणाऱ्यांच्या हातात काय कसब होतं ते मात्र त्यातून दिसतं.

साधा माल जहाजं भरभरून अमेरिकेला जायचा. तिथे सगळ्यात लाडका झाला तो 'बार्लो'. मूळ शेफिल्डच्या बार्लो नावाच्या कारागिराच्या घराण्याचा म्हणतात. एक किंवा दोन पाती, मुठीच्या तोंडाशी भलामोठा लोखंडी तुकडा, बाकी सगळं साधं. महागडा बिलकुल नाही. मार्क ट्वेनच्या १८७६ च्या 'टॉम सॉयर' मध्ये टॉमला बायबलचे श्लोक पाठ केल्याबद्दल साडेबारा सेंटचा नवाकोरा बार्लो मिळतो आणि पोरगा आनंदाने वेडा होतो. चाकूला धार नावालाच आहे, पण बार्लो तो बार्लो. आपल्या पिढीला पहिलं हिरो पेन मिळाल्यावर व्हायचं तसंच काहीसं.

मग शेफिल्डची घसरण कशी झाली? तिथूनच गेलेल्या कारागिरांनी कनेक्टिकट आणि न्यूयॉर्क राज्यात चाकूचे कारखाने उभे केले. अमेरिकनांनी यंत्रावर एकसारखे भाग कापायला सुरुवात केली. जर्मनीतलं झोलिंगेन स्वस्तात माल देऊ लागलं. आणि १८९० साली अमेरिकेने मॅकिन्ली टॅरिफ नावाचा जबर आयात कर लावला. अमेरिकन बाजारावर जगणाऱ्या शेफिल्डच्या चाकूवाल्यांचं त्याने कंबरडं मोडलं. टॅरिफच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत, त्यामुळे जास्त सांगत नाही.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनर नावाचा माणूस वेगळ्याच विवंचनेत होता. स्विस सैन्याच्या नव्या रायफलीला उघडायला स्क्रूड्रायव्हर लागायचा, म्हणून सैन्याने स्क्रूड्रायव्हर असलेला घडीचा चाकू ठरवला. पहिला माल झोलिंगेनहून आला. हे एल्सनरला सहन झालं नाही. १८९१ पासून त्याने स्वतः पुरवायला सुरुवात केली आणि तोट्यात जाऊन जवळजवळ दिवाळं काढलं. त्याला तारलं ते १८९७ साली नोंदवलेल्या 'ऑफिसर्स नाइफ'ने. त्यातली युक्ती बघा: एकाच स्प्रिंगच्या एका बाजूला पाती आणि पाठीला दुसऱ्या बाजूची हत्यारं. तीच स्प्रिंग दोन्हीकडे दाब देते. स्प्रिंगा दोन आणि हत्यारं सहा. रिसोर्स शेअरिंगचं याहून देखणं उदाहरण मी पाहिलेलं नाही. हाच पुढचा लाल व्हिक्टोरिनॉक्स. आपल्यापैकी अनेकांच्या ड्रॉवरमध्ये तो असेल आणि त्यातल्या बहुतेक मॉडेलांचं मुख्य पातं आजही बिनलॉकचंच आहे. म्हणजे तुमच्याकडेही स्लिपजॉइंट आहे, फक्त तुम्हाला माहीत नव्हतं.

विसाव्या शतकात खिशातला चाकू हळूहळू खिशातून गेला. तो ज्या कामांसाठी होता ती कामंच गेली. बोरू आणि पिसाची लेखणी आधीच गेली होती (इंग्रजीत छोट्या चाकूला 'पेननाइफ' म्हणतात ते पिसाची लेखणी तासायचा म्हणून). पेन्सिलीला शार्पनर आला. तंबाखूच्या वड्या कापायचं थांबलं. घोड्याच्या खुरातला खडा काढायला घोडाच राहिला नाही. पण काम जाणं हा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे भीती.

जपानचं उदाहरण घ्या. ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात १८९० च्या दशकापासून 'हिगोनोकामी' नावाचा चाकू बनायचा. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक खिळा, पात्याला अंगठ्याने दाबायची छोटी दांडी. ना स्प्रिंग ना लॉक, म्हणजे वर सांगितलेला पहिला प्रकार. जपानी शाळकरी पोराच्या दप्तरात हा असायचाच, पेन्सिल तासायला. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये सोशालिस्ट नेते इनेजिरो असानुमा यांचा भरसभेत एका सतरा वर्षांच्या मुलाने खून केला. खुनात वापरलेली होती छोटी तलवार. पेन्सिलीच्या चाकूचा काही संबंध नव्हता. पण 'मुलांच्या हाती पातं देऊ नका' ही मोहीम देशभर जोरात पसरली आणि हिगोनोकामी दप्तरातून गेला. मिकीत एके काळी अनेक जण तो बनवत. आज त्या नावाने खरा चाकू बनवणारं एकच घराणं उरलंय.

इंग्लंडमध्येही तेच, फक्त कायद्याच्या भाषेत. १९५९ मध्ये बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंवर बंदी आली. मग १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टने सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय पातं बाळगणं हाच गुन्हा ठरवला. एक अपवाद ठेवला: तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, घडीचा खिशातला चाकू. पुढे १९९० च्या दशकात न्यायालयांपुढे प्रश्न आला की लॉकवाला चाकू घडीचा धरायचा का? न्यायालयांनी सांगितलं, नाही. लॉक बसल्यावर तो नुसता ढकलून मिटत नाही, म्हणजे त्या क्षणी तो स्थिर पात्याच्या चाकूसारखाच. अपवादाचा फायदा त्याला नाही.

म्हणजे बघा, कशी उलटापालट झाली. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या यंत्रणेतली जी उणीव, पातं मिटू शकतं ही, तिनेच तो चाकू कायद्याच्या दृष्टीने निरुपद्रवी ठरवला. जर्मनीनेही २००८ साली लॉक होणारे आणि एका हाताने उघडणारे चाकू कारणाशिवाय जवळ बाळगायला मनाई केली. दोन हातांनी उघडायचा, जुन्या चालीचा चाकू त्यातून सुटला. हत्यार म्हणून जो बिनकामाचा, तोच औजार म्हणून टिकला. माझ्या सुरुवातीच्या प्रश्नाचं एक उत्तर इथे मिळालं. (नियम सगळीकडे सारखे नाहीत आणि बदलत राहतात. प्रवासाला जाताना तिथला कायदा बघा, आणि विमानाच्या केबिन बॅगेत कुठलाच चाकू ठेवू नका.)

आपल्याकडे 'चाकू' म्हटलं की डोळ्यांपुढे उभा राहतो तो रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरची ही कारागिरी नवाबांच्या काळातली. लांब पातं, मुठीवर खटका. हिंदी सिनेमाने तो गुंडाच्या हातात दिला. १९६५ च्या 'वक्त' मधला राजकुमारचा चाकूचा प्रसंग ज्याला माहीत नाही असा माणूस माझ्या बाबांच्या पिढीत शोधून सापडणार नाही. रामपूरने २०२३ साली एका चौकात वीस फुटी चाकूच उभा केला. कारागिरीचा अभिमान म्हणून ठीकच आहे, पण आपल्या मनात चाकू म्हणजे 'खटक्याचा', आणि खटक्याचा म्हणजे भानगड, हे समीकरण पक्कं आहे. खिशात चाकू ठेवून पेरू कापून खाणारा माणूस आपल्या चित्रात बसत नाही. आपल्या आजोबांच्या चंचीत अडकित्ता मात्र अगदी सहज बसायचा. तेही दोन पात्यांचं, एका खिळ्यावर फिरणारं धारदार औजारच की!

तर, आजच्या चाहत्यांकडे वळू. अमेरिकेत इंपीरियल श्रेड ही जुनी कंपनी २००४ मध्ये बंद पडली, कॅमिलस २००७ मध्ये. सगळे म्हणत होते की पारंपरिक चाकू संपला. आणि नेमक्या याच काळात, २००६ साली, पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलमध्ये ग्रेट ईस्टर्न कटलरी नावाची छोटी कंपनी सुरू झाली. जुन्याच घाटांचे चाकू, जुन्या पद्धतीने, थोडे थोडे. त्यांच्यावर उड्या पडायला लागल्या. शेफिल्डमध्येही मोजके कारागीर टिकून आहेत. स्टॅन शॉ हा तिथला नावाजलेला लिटल मेस्टर १९४१ मध्ये चौदाव्या वर्षी कामाला लागला आणि नव्वदीतही चाकू करत होता. २०२१ मध्ये तो गेला.

ही मंडळी निवड कशी करतात तेही सांगतो. पहिला प्रश्न कामाचा: खोकी आणि दोऱ्या कापायच्या असतील तर सरळ धारेचं, टोक नसलेलं पातं. शेफिल्डचा 'लँबफूट' त्यासाठी उत्तम, आणि टोक नसल्याने समोरचा माणूस दचकत नाही. फळं कापायची तर पातळ, लांबट पातं. तीन वेगवेगळी पाती हवीत तर 'स्टॉकमन', जो मुळात गुराख्यांसाठीचा. एकच हवं आणि दणकट हवं तर बार्लो.

दुसरा प्रश्न पोलादाचा, आणि यात एक विनोद आहे. गंज न चढणारं पोलाद १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्लीने शोधलं ते शेफिल्डमध्येच. पण तिथल्या चाकूंच्या आजच्या चाहत्यांना हवं असतं जुनं, गंजणारं कार्बन पोलाद! कारण त्याला धार पटकन लागते आणि वापरता वापरता पात्यावर करडा-निळसर थर चढतो. त्यालाच 'पॅटिना' म्हणून मिरवतात. आपल्या घरी लोखंडी विळीवर कैरी चिरली की विळी काळी पडते, तोच हा पॅटिना. माझी आजी त्याला 'डाग' म्हणायची आणि राखेने घासून काढायची. वापर झाला की पुसायचं आणि सांध्यात तेलाचा एक थेंब सोडायचा, एवढीच त्याची देखभाल.

तिसरा प्रश्न तोच, वॉक अँड टॉकचा. दोन पात्यांच्या मध्ये फट आहे का, मिटलेली धार आत स्प्रिंगवर आपटते का, उघडल्यावर पाठ एका रेषेत येते का. यंत्रावर हे नव्वद टक्के जमतं. उरलेले दहा टक्के हाताने घासून घासून जमवावे लागतात, आणि किंमत त्या दहा टक्क्यांची असते.

सगळं वाचून झाल्यावर माझं मत असं झालंय. या लोकांना लॉक नको असतं ते निव्वळ जुन्याच्या हौसेपोटी किंवा कायद्याच्या धाकाने नाही. लॉक असलं की माणूस लॉकवर विसंबतो. बिनलॉकचा चाकू तुम्हाला प्रत्येक वेळी विचारतो, जोर कुठल्या दिशेने लावतोयस? बोट कुठे आहे? दोन हातांनी उघडायचा म्हणजे हातातलं दुसरं काम खाली ठेवावं लागतं. दहा सेकंद का होईना, माणूस एकच काम करतो. आमच्या धंद्यात दिवसभर एका स्क्रीनवर पंधरा टॅब उघडे असतात. त्या माणसाला याचं आकर्षण वाटलं तर नवल नाही.

फक्त एक गोष्ट त्यांनी विसरू नये असं वाटतं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा शेफिल्डचा जुना चाकू आज लिलावात हौसेने घेतात, त्याच्यावर कंपनीचा शिक्का ठळक असतो. 'हल्ली असं काम होत नाही' म्हणून उसासे टाकतात. होत नाही हे खरंय. पण ज्या पात्याच्या गुळगुळीतपणावरून आपण बोट फिरवतो, तो गुळगुळीतपणा कोणीतरी दगडावर वाकून, ती धूळ आत घेत काढलेला आहे, आणि त्यातल्या कित्येकांना चाळिशी दिसली नाही. त्यांची नावं कुठल्याही शिक्क्यात नाहीत. परंपरेवर प्रेम करायचं तर या भागासकट करावं. आज तेच काम करणाऱ्याच्या नाकावर मास्क असतो, खोलीत धूळ ओढणारा पंखा असतो आणि त्यामुळे चाकू थोडा महाग पडतो. तेवढे पैसे देताना कुरकुर करू नये, इतकंच.

तुमच्या घरातल्या जुन्या पेटीत, आजोबांच्या सामानात एखादा घडीचा चाकू असेल तर काढून बघा. सांध्यात तेल सोडा, हळूहळू उघडा, आणि बोट जपा. अजून 'टक्' आवाज येत असेल तर त्या स्प्रिंगचं काम अजून चालू आहे.